बावन्न हजारांच्या फरकाचा हिशेब

नवा आयफोन बाजारात आला की दरवर्षी एकच विनोद मोबाईलवरून मोबाईलवर फिरतो: 'आता किडनी विकावी लागणार.' चीनमधील आनहुई प्रांतातल्या सतरा वर्षांच्या एका मुलाने २०११ मध्ये हे खरोखर केले. दलालांमार्फत एक किडनी विकून आलेल्या पैशांतून त्याने एक आयफोन आणि एक आयपॅड घेतला. पुढे त्याची उरलेली किडनीही निकामी होत गेली. शस्त्रक्रिया करणारे आणि सौदा जुळवणारे यांना २०१२ मध्ये तिथल्या न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. फोन तोवर जुना झाला होता.

हिंगोली जिल्ह्यात मात्र या विनोदावर हसताना थोडे अडखळायला हवे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सेनगाव तालुक्यातील गोरेगावच्या दहा शेतकऱ्यांनी पीककर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विकत घ्या, असे निवेदन थेट मुख्यमंत्र्यांच्या नावे दिले होते. सोबत दरपत्रक होते: यकृत ९० हजार, किडनी ७५ हजार, डोळे २५ हजार. अवयवांची खरेदी-विक्री १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांनाही ठाऊक असणार. ते निवेदन म्हणजे निषेध होता. पण आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या कागदावरच्या किडनीच्या दरात आज आयफोनचे साधे मॉडेलसुद्धा येत नाही.

हे साधे मॉडेल आणि त्याच्या वरचे 'प्रो' यांतला फरक हा या लेखाचा विषय. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ मालिका आली. भारतात साध्या १७ ची किंमत ८२,९०० रुपये आणि १७ प्रोची १,३४,९०० रुपये ठरली. दोन्हींची साठवण २५६ जीबी, दोन्हींचा पडदा ६.३ इंचांचा. फरक बरोबर बावन्न हजारांचा. विक्रीच्या पहिल्या दिवशी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील दुकानाबाहेर रांगेत धक्काबुक्की झाली, त्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. त्याच महिन्यात अतिवृष्टीने मराठवाड्यातील सोयाबीन पाण्यात उभे होते, हिंगोलीतलेही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे. त्या हिशेबाने बावन्न हजार म्हणजे पावणेदहा क्विंटल सोयाबीन. तेही हमीभाव मिळाला तर, आणि बियाणे, खत, फवारणी, काढणी यांचा खर्च धरला नाही तर.

मुंबई-पुण्यातल्या ग्राहकाचा हा प्रश्न हिंगोलीत कशाला, असे कोणी म्हणेल. पण वसमतच्या बाजारात हळदीची पट्टी हातात पडली की घरातला तरुण आधी मोबाईलच्या दुकानाकडे वळतो, हे दृश्य नवे नाही. हिंगोलीत ऑक्टोबर २०२४ पासून शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आणि इतर महाविद्यालयांत शिकायला जाणारी मुले पहिल्याच वर्षी आईवडिलांकडे काय मागतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. मागणी करताना कारण मात्र अभ्यासाचे किंवा आरोग्याचे सांगितले जाते. 'महागड्या फोनने डोळ्यांना त्रास कमी होतो', 'त्यात ऑक्सिजन मोजता येतो', 'त्याचे रेडिएशन कमी असते.' ही कारणे एकेक करून तपासून पाहावीत.

आधी ऑक्सिजन. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमध्ये दोन प्रकाश असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा. दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, साधारण ९४० नॅनोमीटरचा. ऑक्सिजन घेतलेले आणि न घेतलेले हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेते. त्या प्रमाणावरून आकडा निघतो. फोनच्या फ्लॅशमध्ये असतो पांढरा प्रकाश. बोट कॅमेऱ्यावर ठेवून नाडीचे ठोके त्याने बऱ्यापैकी मोजता येतात, कारण ठोक्यागणिक बोटातले रक्त कमी-जास्त होते आणि ते कॅमेऱ्याला दिसते. दहा हजारांच्या फोनलाही दिसते. ऑक्सिजनचे मात्र तसे नाही. सॅमसंगने काही महागड्या फोनच्या पाठीवर त्यासाठी खास सेन्सर बसवला होता. २०२० च्या एस २० मालिकेपासून तो काढून टाकला. कोरोनाच्या काळात 'बोट ठेवा, ऑक्सिजन पाहा' अशी अ‍ॅप फिरत होती, तेव्हा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 'सायबरदोस्त'ने ती बोटांचे ठसे आणि खासगी माहिती चोरू शकतात, असा इशारा दिला होता. दम्याचा किंवा फुप्फुसाच्या जुन्या आजाराचा रुग्ण घरात असेल तर दीड-दोन हजारांचा चांगला ऑक्सिमीटर घ्यावा. लाखाच्या फोनने ते काम होणार नाही.

डोळ्यांचे म्हणाल तर फोनच्या किमतीशी त्यांना काही देणेघेणे नाही. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात, अश्रूंचा थर सुकतो, डोळे चुरचुरतात. हे ऐंशी हजारांच्या पडद्यासमोरही होते आणि आठ हजारांच्याही. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांवर २०२३ मध्ये कॉक्रेनचा आढावा प्रसिद्ध झाला. डोळ्यांचा थकवा त्यांनी कमी होतो, असे त्यात दिसले नाही. तरीही चष्म्याच्या दुकानांत ते जोरात विकले जातात, हा भाग वेगळा. लहान मुलांना चष्मा लागू नये म्हणून एक भरवशाचा उपाय फुकट आहे: रोज दोनएक तास उन्हा-उजेडात, घराबाहेर खेळणे. उलट महागड्या फोनबाबत एक छोटी तक्रार नोंदवण्यासारखी आहे. त्यांतले ओलेड पडदे उजेड कमी करताना फार वेगाने उघडझाप करतात. बहुतेकांना ती जाणवत नाही. काहींचे मात्र डोके दुखते. अशांना स्वस्त फोनचा जुन्या पद्धतीचा एलसीडी पडदा अधिक मानवतो.

रेडिएशनची भीती तर हिंगोलीच्या बसस्थानकापासून जिल्हा रुग्णालयाच्या रांगेपर्यंत सगळीकडे ऐकू येते. भारतात सप्टेंबर २०१२ पासून प्रत्येक फोनला एकच मर्यादा आहे: एक ग्रॅम ऊतींमागे किलोला १.६ वॅट. कोणत्याही फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबले की त्या फोनचा आकडा दिसतो. महागड्या फोनला यात वेगळी सवलत नाही आणि त्याने वेगळे संरक्षणही मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. रात्री दोन वाजेपर्यंत रील पाहणाऱ्याची झोप जाते ती रेडिएशनमुळे नव्हे, रीलमुळे जाते.

वजनाचा मुद्दा जाहिरातीत कधीच येत नाही. सर्वात मोठे, सर्वात महाग मॉडेल दोनशे तीस ग्रॅमच्या आसपास भरते. साधे १७ आहे १७७ ग्रॅमचे. एका हाताने तासन् तास धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात कळ येते, त्याला हा पन्नासेक ग्रॅमचा फरक कळतो. झोपून बघताना तोंडावर पडला तर आणखी कळतो.

मग बावन्न हजारांत जास्तीचे मिळते काय? दुरून फोटो घेणारी तिसरी भिंग, थोडी अधिक ताकदीची चिप, चित्रीकरणाच्या काही व्यावसायिक सोयी, जास्त चालणारी बॅटरी. लग्नाचे चित्रीकरण करून पोट भरणाऱ्याला ते उपयोगाचे आहे. त्याच्यासाठी तो धंद्याचा खर्च आहे. एरवी पूर्वी जो फरक रोजच्या वापरात जाणवत असे, म्हणजे पडद्याचा सफाईदारपणा आणि साठवण, तो आता साध्या मॉडेलमध्येच आला आहे. अपघात ओळखून आपणहून मदतीला फोन लावणारी सोय २०२२ च्या आयफोन १४ पासून साध्या मॉडेललाही आहे. सॅमसंगचीही तीच कथा: साधा एस २५ आणि 'अल्ट्रा' यांत एकोणपन्नास हजारांचा फरक, अद्ययावतीकरणाची हमी मात्र दोघांना सारखीच सात वर्षांची. आणि १०८ ला फोन लावायला यातले काहीच लागत नाही. बटणांच्या फोनवरूनही रुग्णवाहिका येते.

फोटोंचे एक वेगळे सांगायला हवे, कारण जिल्ह्यातल्या दवाखान्यांशी त्याचा रोजचा संबंध आहे. कळमनुरी किंवा औंढ्याच्या रुग्णालयातून ईसीजीचा, एक्स-रेचा, भाजलेल्या जखमेचा फोटो हिंगोली किंवा नांदेडच्या तज्ज्ञाकडे जातो. बहुतेक वेळा तो व्हॉट्सअ‍ॅपवरून जातो आणि व्हॉट्सअ‍ॅप पाठवतानाच फोटो लहान करते. मग तो ४८ मेगापिक्सेलचा असो की २०० चा, पलीकडे पोहोचते ते सारखेच. तज्ज्ञाला उपयोगी पडतात त्या फुकटच्या गोष्टी: कॅमेऱ्याची काच रुमालाने पुसणे, ईसीजीचा कागद टेबलावर सपाट ठेवणे, सावली पडू न देणे, एक्स-रे खिडकीच्या उजेडासमोर धरणे, जखमेशेजारी एखादे नाणे ठेवून आकार कळू देणे. रुग्णाचे नाव आणि चेहरा झाकणे हेही त्यातच आले, पण ते फारसे कोणी करत नाही.

मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मधुमेही रुग्णांच्या नेत्रपटलाची तपासणी फोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने आणि फोनमध्येच चालणाऱ्या संगणकीय प्रणालीने करून पाहण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'जामा ऑप्थॅल्मॉलॉजी'त आले. दोनशेहून अधिक रुग्णांत, पुढील उपचारांसाठी पाठवण्याजोगा आजार असलेला एकही रुग्ण त्या यंत्रणेच्या नजरेतून सुटला नाही. त्यासाठी वापरलेला फोन होता आयफोन ६, म्हणजे २०१४ चे मॉडेल. डोळ्यासमोर लावायचे भिंग नीट होते आणि आज्ञावली नीट शिकवलेली होती. फोन जुना असल्याने काही अडले नाही.

इथवर वाचून कोणी 'मग स्वस्तातला स्वस्त घ्यावा' असा अर्थ काढेल. तो चुकीचा ठरेल, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्राच्या प्रत्येक गावात आहे.

पोषण अभियानात राज्यातील अंगणवाडी सेविकांना शासनाने मोबाईल दिले. त्यांची स्मृती होती दोन जीबीची. मार्च २०२१ पासून केंद्राचे 'पोषण ट्रॅकर' हे अ‍ॅप आले आणि त्या फोनना ते पेलवेना. फोन तापायचे, मध्येच अडकायचे, भरलेली माहिती निघून जायची. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी, त्यात अ‍ॅपची भाषा इंग्रजी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी पुढे होतीच.

याकडे कर्मचाऱ्यांची तक्रार म्हणून पाहिले गेले. ती आरोग्याची तक्रार होती. सेविका बालकाचे वजन आणि उंची घेते आणि ती फोनमध्ये भरते. उंचीच्या मानाने वजन किती घसरले, हे पाहूनच मूल तीव्र कुपोषित आहे की मध्यम, ते ठरते. त्यावर त्याची रवानगी ग्राम बाल विकास केंद्रात करायची की थेट पोषण पुनर्वसन केंद्रात, हा निर्णय अवलंबून असतो. एका अंगणवाडीत चाळीस-पन्नास मुले. प्रत्येक मुलाची नोंद करताना फोन पाच मिनिटे गोल फिरत राहिला, तर सेविका एक तर रात्री घरी बसून अंदाजाने आकडे भरेल किंवा मागच्या महिन्याचेच पुन्हा टाकेल. दोन्हींत दोष तिचा नाही. पण दोनशे ग्रॅमने घटलेले मूल कागदावर 'सामान्य' राहते. पुढच्या महिन्यात त्याला जुलाब लागतात, आणि मग ते रुग्णालयात येते तेव्हा आकडा फोनवर बघायची गरज उरत नाही.

म्हणून फोनचे मोल त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे आहे, त्यावर ठरते. सेविकेला, आशा कार्यकर्तीला, क्षयरुग्णांची 'निक्षय'वर नोंद ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला लाखाचा फोन नको आहे. त्यांना हवा आहे पुरेशी स्मृती असलेला, दिवसभर टिकणाऱ्या बॅटरीचा, उन्हात पडदा दिसणारा, खेड्यात रेंज धरणारा आणि चार-पाच वर्षे सुरक्षिततेची अद्ययावत आज्ञावली मिळत राहणारा फोन. असा फोन आज बाजारात मधल्या किमतीत मिळतो. सरकारी खरेदीत मात्र सर्वात कमी दराची निविदा जिंकते आणि पुढच्या दुरुस्तीचा, वाया गेलेल्या तासांचा, चुकलेल्या नोंदींचा हिशेब कुठल्याच फायलीत येत नाही. साध्या आणि महागड्या मॉडेलवर चर्चा करणाऱ्या सुशिक्षितांना हा तिसरा वर्ग, म्हणजे फुकट मिळालेला निकृष्ट फोन, क्वचितच आठवतो.

घरगुती खरेदीतही तळाच्या फोनचे धोके आहेत. ज्याला एक-दोन वर्षांनंतर सुरक्षिततेची दुरुस्ती मिळत नाही, त्याच फोनवर पीकविम्याचे, पेन्शनचे आणि बँकेचे व्यवहार चालतात. फसव्या दुव्यावर बोट पडून म्हातारपणाची पुंजी गेली, की रक्तदाब आणि झोप दोन्ही बिघडलेला माणूस बाह्यरुग्ण विभागात येतो. गोळी त्याला रक्तदाबाची मिळते. चार्जरबाबत तर तडजोड नको. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह नसलेला, रस्त्यावर शंभर रुपयांना मिळणारा चार्जर उशीखाली फोन ठेवून रात्रभर लावणे धोक्याचे आहे. अर्थात महाग म्हणजे सुरक्षित असेही नाही. बॅटरी पेट घेते म्हणून जगभरातून परत मागवावा लागलेला गॅलक्सी नोट ७ हा २०१६ मधला सॅमसंगचा सर्वात महागड्या फोनांपैकी एक होता.

हप्त्यांचा प्रश्न मात्र दुकानात नीट विचारला जात नाही. १,३४,९०० रुपयांचे चोवीस हप्ते म्हणजे महिन्याला ५,६२० रुपये. साध्या मॉडेलचे ३,४५० च्या आसपास. 'शून्य टक्के व्याज' अशी काही गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. कुठे प्रक्रिया शुल्कात, कुठे बुडालेल्या सवलतीत, व्याज कुठेतरी असतेच. दोन हप्त्यांमधला सव्वादोन हजारांच्या आतला फरक चाळिशी-पन्नाशीतल्या जोडप्याच्या रक्तदाब-मधुमेहाच्या महिन्याच्या औषधांना पुरतो, आणि वर काही उरतेही. हप्ता चुकला तर वसुलीवाल्याचा फोन येतो. गोळ्या चुकल्या तर कुणाचाच येत नाही. म्हणून घरात आधी गोळ्या थांबतात.

आणि मुलांचा हट्ट. जानेवारी २०२५ मध्ये, संक्रांतीच्या तोंडावर, शेजारच्या नांदेड जिल्ह्यात एका शाळकरी मुलाने फोन मिळाला नाही म्हणून आयुष्य संपवल्याची आणि पाठोपाठ त्याच्या कर्जात असलेल्या शेतकरी वडिलांनीही तेच केल्याची बातमी आली. आत्महत्येमागे एकच कारण कधी नसते, आणि त्या घरातले सगळे बाहेरच्यांना कळणारही नाही. पण मुलासाठी फोन ही केवळ वस्तू राहिलेली नाही, वर्गातली आपली जागा त्यावर ठरते असे त्याला वाटते, हे पालकांनी ओळखावे. 'पैसे नाहीत' एवढे सांगून विषय मिटवण्याऐवजी घरचा जमाखर्च चौदा-पंधरा वर्षांच्या मुलापुढे मांडला तर त्याला तो कळतो. हट्ट सोडून मूल एकदम गप्प झाले, जेवण-झोप तुटली, निरवानिरवीची भाषा करू लागले, तर त्याला एकटे ठेवू नये. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

फोन घ्यायचाच असेल तर काही साध्या गोष्टी पाहाव्यात. अद्ययावतीकरण किती वर्षे मिळणार, हे दुकानदाराला विचारून बिलावर लिहून घ्यावे. कंपनीचे सेवा केंद्र हिंगोलीत आहे की त्यासाठी नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागेल, ते आधीच पाहावे. गेल्या वर्षीचे साधे मॉडेल नवे मॉडेल आल्यावर स्वस्त होते. बहुतेकांना तेच पुरते. आणि हातातल्या फोनची फक्त बॅटरीच थकली असेल तर ती बदलून घ्यावी. दोन-चार हजारांत आणखी दोन वर्षे निघतात.